घास मोजणारं घड्याळ आणि अंगणवाडीतला मोबाईल

परवा बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ताटं वाढून झाली, पण भाच्याने आधी मोबाईल काढून ताटाचा फोटो घेतला. हल्ली तो ॲपवर कॅलरी मोजतो. ॲपने भाकरीला 'पॅनकेक' ठरवलं, सगळे हसले. आई तेवढी गंभीरपणे म्हणाली, "अरे, आमटीतलं तेल दिसतं का रे त्या फोटोत?"

घरी आल्यावर लक्षात आलं की गेली चारशे वर्षं मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडतायत. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

इटलीत सांतोरिओ नावाचा वैद्य होता. त्याने भल्यामोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे ३० वर्षं स्वतःचं वजन, खाल्लेलं अन्न आणि शरीरातून बाहेर पडलेलं सगळं तोलून नोंदवलं. १६१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग घाम आणि श्वासावाटे नकळत निघून जातो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. आज मनगटावर पट्टा बांधून स्वतःला मोजणाऱ्यांचा हा पणजोबाच म्हणा ना.

पुढे अमेरिकेत ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याची उष्णता मोजली. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हा हिशोब त्यांच्या कामातून आला. भाच्याचं ॲप आजही तोच वापरतं.

आपल्याकडे हे काम तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झालं. १९३७ मध्ये आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नाचे पोषणतक्ते छापले. ही संस्था पुढे हैदराबादला गेली, तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिने १९७२ पासून गावोगावी आहाराची पाहणी सुरू केली. कर्मचारी मापाच्या वाट्या घेऊन घरात बसायचे आणि विचारायचे, 'काल दिवसभरात कोणी काय खाल्लं? किती वाट्या?' गरीब घरात नुसती प्रथिनंच कमी पडतात असं नाही, मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, हे अशा पाहण्यांतून पुढे आलं. २०१५ मध्ये हे काम बंद झालं.

या पद्धतीत एक खोट होतीच. माणूस विसरतो, लाजतो, कमी सांगतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांना तपासलं. त्यांनी खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. सगळे मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही, पण अंदाज चुकतोच.

मग विचार आला, माणसाला विचारायचंच नाही, यंत्रालाच मोजू द्या. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात मनगट वळण्यावरून घास मोजणारं यंत्र बनवलं. अलाबामा विद्यापीठात चघळण्याची हालचाल टिपणारं आणि ताटाचे फोटो काढणारं यंत्र तयार झालं. युक्ती छान आहे. पण आपण घड्याळ बांधतो डाव्या हाताला आणि जेवतो उजव्या हाताने! आणि घास मोजले तरी त्या घासात काय होतं, हा आईचा प्रश्न उरतोच.

भाच्याचं ॲप चुकलं तर बिघडत काय? काहीच नाही. तो जेवला. इथून पुढचं मात्र हसण्यावारी नेऊ नका.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ताईंकडे तेव्हा रजिस्टर आणि वजनकाटा असायचा. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन तापतात, बंद पडतात आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२५ पासून तर घरी न्यायचा आहार देताना चेहरा जुळवणं सक्तीचं झालं.

चोरी थांबावी, आहार खऱ्या लाभार्थ्याला मिळावा, हा हेतू चुकीचा कोण म्हणेल? पण हे ॲप मोजतं काय, ते बघा. पाकीट दिलं का, चेहरा जुळला का, उंची-वजन भरलं का. घरी गेल्यावर ते पाकीट बाळाने खाल्लं की चार जणांत वाटलं गेलं, हे त्याला कळत नाही. ते कळायला वाटी घेऊन कुणीतरी चुलीपाशी बसावं लागतं.

सांतोरिओ मोजायचा आणि जेवायचाही. वाटीवाले मोजायचे ते भूक समजून घ्यायला. मोजणी झाली नाही म्हणून कुणाचं अन्न अडत नव्हतं. आता मात्र आधी मोजणी, मग घास. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर ओल्या बाळंतिणीचा चेहरा जुळला नाही, तर चूक कोणाची धरायची?

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र खुशाल वापरा, पण ते अडलं तर आहार अडू नये. आधी हातात पाकीट, नोंद नंतर वहीत.

तुमच्या गावच्या अंगणवाडीत एकदा जाऊन या. ताईंना विचारा, दिवसातला किती वेळ मुलांना जातो आणि किती मोबाईलला? उत्तर इथे खाली लिहा. मीही माझ्या वस्तीतलं लिहिणार आहे.