काल्पनिक जमातीचा इतिहास कसा रचतात?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसून मिळून एक गोष्ट घडवतात. त्यांतला एक सूत्रधार असतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो जग उभे करतो आणि प्रसंग मांडतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग कथेला ‘कॅम्पेन’ म्हणतात.

प्रत्येक पात्राची जमात ठरवावी लागते: मानव, एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क वगैरे. पुस्तकातल्या जमाती अपुऱ्या वाटू लागल्या की अनेक सूत्रधार स्वतःची जमात रचतात. तिचा इतिहास, श्रद्धा, चालीरीती आणि दंतकथा या सगळ्यांना मिळून खेळाडू ‘लोअर’ म्हणतात.

या जमाती आल्या कुठून?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातल्या जमातींवर युरोपीय लोककथांची आणि जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांची छाप होती. सुरुवातीच्या पुस्तकांत तर ‘हॉबिट’ हे नावही होते. टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर ते ‘हाफलिंग’ झाले. जंगलात राहणारे एल्फ आणि खाणीत खोदणारे ड्वॉर्फ आज जिथे तिथे दिसतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

चांगले लोअर कसे ओळखावे?

‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने २००२ मध्ये नव्या काल्पनिक जगासाठी स्पर्धा घेतली. सुमारे अकरा हजार प्रवेशिकांतून कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ निवडले गेले आणि २००४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यात ‘वॉरफोर्ज्ड’ नावाची जमात आहे. लाकूड, धातू आणि दगडाचे हे सजीव सैनिक जवळपास शंभर वर्षे चाललेल्या युद्धासाठी घडवलेले असतात. मग तह होतो. त्या तहाने त्यांना स्वातंत्र्य मिळते, पण नवे वॉरफोर्ज्ड घडवण्यावर बंदी येते.

ही माहिती चार ओळींची आहे, तरी तिच्यातून कितीतरी प्रश्न उभे राहतात. ज्याला फक्त लढण्यासाठी घडवले त्याने शांततेत काय करायचे? ज्याच्या जमातीत यापुढे कोणी जन्माला येणार नाही, त्याला भविष्य कसे दिसते? वॉरफोर्ज्ड पात्र घेणाऱ्या खेळाडूला पहिल्याच बैठकीत याचे काहीतरी उत्तर द्यावे लागते. खेळाडूच्या निर्णयावर परिणाम होतो का, हीच लोअरची खरी कसोटी. हजार वर्षांची राजांची वंशावळ तिच्यात सहसा नापास होते.

सुरुवात कुठून करावी?

एका शारीरिक किंवा भौगोलिक वस्तुस्थितीपासून. समजा, एक डोंगरी जमात हिवाळ्याचे चार महिने झोपून काढते. मग झोपलेल्या गावाची राखण कोण करते? दरवर्षी काही जण जागे राहत असतील. त्यांना ‘जागले’ म्हणू. चार महिने एकट्याने काढलेल्या या माणसांना गाव मान देते की बिचकून असते? झोपेपूर्वी सर्व देणी फेडण्याची रीत असेल, तर शेजारचे व्यापारी शरद ऋतूत भाव पाडतील. झोपेत मेलेल्याचा मृत्यू कोणत्या दिवशी मोजायचा? एकेका प्रश्नाच्या उत्तरातून रूढी, सण, शिवी आणि म्हण तयार होत जाते.

त्यानंतर जमातीतच एक मतभेद ठेवावा. काही तरुणांना झोप ही सक्ती वाटते आणि ते औषधे घेऊन जागे राहतात. थोरल्यांच्या मते तो अधर्म आहे. कॅम्पेन हिवाळ्यात शिरले की या जमातीच्या पात्राला सोबत्यांबरोबर जायचे की रीत पाळायची, हे ठरवावे लागेल. ते पात्र चालवणाऱ्या खेळाडूलाच दोन-तीन चालीरीती ठरवू दिल्या तर त्याची गुंतवणूक वाढते. आरंभी एक पान पुरते. उरलेले खेळताना भरत जाते.

चूक कुठे होते?

‘ही जमात जन्मतःच क्रूर’ किंवा ‘ही जन्मतःच मंद’ असे लिहिले की त्या जमातीच्या पात्राला निवडीला वाव राहत नाही. शिवाय काल्पनिक जमातींच्या वर्णनात खऱ्या समाजांविषयीचे पूर्वग्रह नकळत उतरतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ‘स्पेलजॅमर’ संचात ‘हॅडोझी’ या माकडांसारख्या जमातीची कथा होती. एक जादूगार त्यांना पकडून त्यांच्यावर प्रयोग करतो, त्यांना गुलाम सैनिक म्हणून विकण्याचा बेत आखतो आणि त्यांची सुटका होते ती त्याच्या शिष्यांच्या मदतीने. कृष्णवर्णीयांना माकड ठरवणारी जुनी वंशद्वेषी प्रतिमा आणि गुलामगिरीचा इतिहास यात दिसतो, अशी टीका झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला. त्याच वर्षअखेरीस ‘रेस’ हा शब्द सोडण्याचे तिने जाहीर केले. २०२४ च्या नियमपुस्तकात त्याजागी ‘स्पीशीज’ आहे.

शब्द बदलल्याने घरच्या टेबलावरचा प्रश्न मात्र आपोआप सुटत नाही. त्यासाठी रचलेल्या जमातीचे वर्णन वाचून स्वतःला विचारावे: यात जमातीला काय सोसावे लागले एवढेच आहे, की तिने स्वतः काय केले तेही आहे? आणि तिच्यातली दोन माणसे एकमेकांशी कडाडून भांडू शकतील का? भांडू शकत असतील, तर जमात खेळायला तयार आहे.