उपवासानंतरचें पक्वान्न

इतिहास म्हटला कीं आपणांस राजे, लढाया आणि तह आठवतात. चुलीपाशीं घडलेला इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. पण एखाद्या पदार्थांत तो टिकून राहतो. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ शहराची ‘तोर्ता पास्क्वालीना’ हें त्याचें चांगलें उदाहरण आहे. ‘पास्क्वा’ म्हणजे ईस्टरचा सण. पिठाच्या पातळ पोळ्यांच्या आंत पालेभाजी, चीज आणि अंडीं भरून भट्टींत भाजलेला हा खारा पदार्थ त्या सणाचा.

तो ईस्टरलाच कां? ईस्टरपूर्वीं ख्रिस्ती लोकांचा ४० दिवसांचा व्रतकाल असतो. मध्ययुगांत पश्चिम युरोपांत त्या काळांत मांसच नव्हे, तर अंडीं, दूध, लोणी आणि चीज हींहि वर्ज्य असत. परंतु व्रत माणसांचें. कोंबड्यांना त्याचें काय? दिवस वाढूं लागले कीं त्या अधिक अंडीं घालूं लागतात, आणि मळ्यांत कोंवळा पाला फुटतो. म्हणजे सुबत्ता आणि मनाई एकाच वेळीं येत. ज्या जिनसांवर इतके दिवस बंदी, त्याच साऱ्या सणाच्या दिवशीं एका तोर्तेंत एकत्र येत. उपवासाच्या पारण्याची गोडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांतील आनंद वेगळा सांगावयास नको.

आतां कृति पाहूं. मैदा पाणी आणि थोडें ऑलिव्हचें तेल घालून मळतात. त्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्या करून, तेलाचा हात देत, एकीवर एक ठेवतात. त्या ३३ असाव्यात असा जुना संकेत आहे. कारण ख्रिस्ताचें आयुष्य तितक्या वर्षांचें मानतात. आज एवढा खटाटोप क्वचितच होतो. आंत चार्ड नांवाची, बीटाच्याच कुळांतील रुंद पानांची भाजी उकडून, घट्ट पिळून, मरवा घालून पसरतात. तिच्यावर ‘प्रेस्किन्सेउआ’ हें जिनोआचें आंबूस, ओलें चीज येतें. तें पाहून आपल्या चक्क्याची आठवण व्हावी. मग सारणांत खळगे करून प्रत्येकांत लोण्याचा लहान गोळा आणि एकेक अंडें फोडून घालतात. वरच्या पोळ्यांमध्यें पोकळ काडीनें फुंकर घालून हवा भरण्याचीहि चाल आहे. त्यामुळें कवच फुगून खुसखुशीत होतें.

अशा तोर्तांचे लेखी पुरावे जुने आहेत. पंधराव्या शतकांतील मार्तिनो या आचाऱ्याच्या पाकग्रंथांत पाला आणि चीज घातलेली तोर्ता आहे. १५४८ सालीं ओर्तेन्सिओ लान्दो यानें इटलीवरील आपल्या ग्रंथांत जिनोआच्या ‘गात्ताफुरा’ नांवाच्या तोर्तांची वाखाणणी केली. मांजरें त्या आवडीनें चोरतात, म्हणून हें नांव, असें तो सांगतो.

परंतु हे ग्रंथ लिहिणारे सारे पुरुष, आणि मार्तिनोसारखे आचारी तर थोरामोठ्यांच्या पदरीं असलेले. घरोघरीं पोळ्या ताणणाऱ्या बायकांचीं नांवें कोठेंच नाहींत. तिकडे एक आठवण मात्र सांगतात. घरांतील तोर्ता भाजण्यासाठीं भटारखान्यांत न्यावयाची, तेव्हां शेजारणीच्या तोर्तेशीं अदलाबदल होऊं नये म्हणून गृहिणी वरच्या पोळीवर आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उमटवीत. इतिहासांत त्यांची सही एवढीच, आणि तीहि दुपारपर्यंत खाऊन संपे!

अंड्यांवरील ती जुनी बंदी कॅथलिक पंथांत आतां उरलेली नाहीं. चार्डऐवजीं पालक आणि प्रेस्किन्सेउआऐवजीं रिकोत्ता घालूनहि तोर्ता होते. ती वर्षभर दुकानांत मिळते. कारण मागें पडलें, कृति उरली. असें आपल्याहि घरांत होत असतें. अमुक सणाला अमुकच पदार्थ कां, हें सांगणारी वडील माणसें आहेत तोंवर त्यांना विचारून तें लिहून ठेवावें, आणि त्या कागदावर सांगणारीचें नांवहि घालावें.