विनयपिटकातील आरोग्यशिस्त
गोलकृमींची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात व तेथून पुन्हा माणसाच्या पोटात जातात. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी विनयपिटकाने हा मार्ग अडविणारी शिस्त घालून दिली. निरोगी भिक्खूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, असा पातिमोक्खाचा नियम आहे. चुल्लवग्गानुसार वच्चकुटी, म्हणजे शौचालय, मळलेले दिसल्यास भिक्खूने ते स्वतः धुवावे. पाण्याचा घडा रिकामा असल्यास भरावा. महावग्गात वात शमविणाऱ्या व पचनास साहाय्य करणाऱ्या यवागूचे, म्हणजे पेजेचे, गुण सांगितले आहेत. त्याच ग्रंथात, पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या, दुर्लक्षित भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्नान घातल्याचा प्रसंग येतो. मळ धुण्यासाठी विनयाने वेगळी जात नेमली नाही. ते काम ज्याचे त्याचे, आणि आजाऱ्याच्या बाबतीत सर्वांचे होते.