चुकलेल्या उत्तराचे वाचन : थॉर्नडाइक, १९१७

प्रमाणित वाचनकसोट्यांच्या इतिहासात एडवर्ड थॉर्नडाइक यांचा १९१७ मधील निबंध चुकीच्या उत्तरांमुळेच स्मरणीय ठरतो. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील या मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे एक उतारा ठेवला : फ्रँकलिन येथे ७ ते १४ वर्षांच्या मुलांस शाळेत उपस्थिती सक्तीची, अपवाद केवळ मुलाचे आजारपण, घरातील सांसर्गिक रोग वा रस्ते बंद पडणे यांचा. या परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता, या प्रश्नास कोणी ‘थोर शोधक’ असे उत्तर दिले, तर कोणी ‘अर्धा इंच जागा सोडावी’ असे!

वरवर पाहता ही उत्तरे निरर्थक भासतात. परंतु पहिल्यात ‘फ्रँकलिन’ या नामाने बेंजामिन फ्रँकलिनची स्मृती जागविली. दुसऱ्यात प्रश्नातील ‘परिच्छेद’ या शब्दाने लेखनाच्या तासाची. एखादा शब्द प्रमाणाबाहेर प्रबळ होतो आणि इतर शब्दांचा त्यावरील अंकुश सुटतो, हे थॉर्नडाइक यांचे निदान होय. वाचन हा तर्कव्यापार आहे, हे त्यांचे प्रतिपादन त्यातूनच निघाले.

निदान मार्मिक खरे. तथापि दुसऱ्या उत्तराचा दोष सर्वस्वी मुलाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ‘परिच्छेद’ आणि समास यांची सांगड त्याला शाळेनेच घालून दिली असावी. गुण देताना मात्र अशा उत्तरास आणि कोऱ्या जागेस सारखेच शून्य मिळते.