सगळेच शी करतात

करंगळी वर करून उभं राहिलेलं मूल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लघवीसाठी निदान तेवढी एक खूण आहे. शी लागली तर मात्र पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं गप्प बसतात, दाबून धरतात. मोठं आतडं आपलं काम करतच राहतं, मळातलं पाणी शोषून घेतं. मळ कडक होतो, पुढच्या वेळी दुखतं आणि दुखतं म्हणून मूल आणखी दाबून धरतं. सगळं कशामुळे, तर एक शब्द चारचौघांत उच्चारता येत नाही म्हणून!

१९७७ साली जपानमध्ये हा शब्द सरळ मुखपृष्ठावरच आला. तारो गोमी यांच्या चित्रपुस्तकाचं नाव होतं 'मिन्ना उन्ची', म्हणजे 'सगळेच शी करतात'. हे पुस्तक निघालं कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. टोकियोच्या फुकुइंकान शोतेन या प्रकाशनसंस्थेनं १९६९ साली 'कागाकु नो तोमो' (विज्ञानाचा मित्र) हे छोट्यांचं मासिक सुरू केलं. दर महिन्याला एक विषय, एक पातळ चित्रपुस्तक. त्याच मालिकेत हा विषय आला. चांगल्या सवयींचा धडा म्हणून नव्हे, निरीक्षणाचा विषय म्हणून.

गोमी काही शिकवत नाहीत, दाखवतात. हत्तीची शी मोठी, उंदराची छोटी. कुणी थांबून करतं, कुणी चालता चालता. सापाचं ढुंगण नेमकं कुठे, हा प्रश्नही येतो (मोठ्यांनी उत्तर देऊन पाहावं). एका मदारीच्या उंटाची शी एका मदारीची असते अशी थापही लेखक मारतात आणि लगेच कबूल करतात. शेवटी मुद्दा एवढाच, की जे खातात ते शी करतात. सजीवांचं हे लक्षण आपण वर्गात शिकवतो, पण उत्सर्जनाशी पोचेपर्यंत तास संपलेला असतो!

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, याच मासिकात शिंता चो यांचं 'ओनारा' आलं. विषय पादणे. गिळलेली हवा आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेले वायू यांना बाहेर तर पडायलाच हवं. वास येतो तो त्यांतल्या अगदी थोड्या गंधकयुक्त वायूंमुळे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर 'वारा सरला का?' असं आवर्जून विचारतात, कारण आतडी पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते. घरात ज्याला हसतात त्याची दवाखान्यात वाट पाहतात.

ही दोन्ही पुस्तकं अमेरिकेत इंग्रजीत यायला १९९३-९४ साल उजाडलं. दरम्यान १९८९ मध्ये जर्मनीत वेर्नर होल्झवार्थ आणि चित्रकार वोल्फ एर्लब्रुख यांनी एका चिचुंदरीसारख्या, जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याची गोष्ट लिहिली. त्याच्या डोक्यावर कुणीतरी शी केलेली असते. तो एकेका प्राण्याला विचारत जातो आणि प्रत्येक जण आपला नमुना दाखवून निर्दोष सुटतो. शेवटी निदान करतात त्या तज्ज्ञ माश्या. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा, याचा इतका चांगला पाठ आम्ही क्वचितच पाहिला आहे.

ही गोष्ट आम्ही एका शाळेत दुसरीच्या मुलांना सांगितली. सुरुवातीला तोंडावर हात आणि खुसखुस. मग आम्ही फळ्यावर 'गाय' लिहिलं. 'शेण!' घोडा? 'लीद.' शेळी? 'लेंड्या.' पक्षी? 'शीट.' या बाबतीत आपली मराठी फारच श्रीमंत आहे. एका मुलीनं शेणाच्या 'पो'ची आठवण दिली, तेव्हा बाईही हसल्या. पाच मिनिटांत खुसखुस थांबली आणि वाद सुरू झाला, की लेंड्या गोल आणि कोरड्या का, आणि शेण पातळ का?

तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "आणि माशीची?" आम्ही वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या पट्टीवर बारीक काळे ठिपके होते. बाईंनी मुलांना बाकावर चढून पाहायची परवानगी दिली.