शेजारच्या पेशीची खिडकी

शेजारशेजारच्या पेशी एकमेकींशी बोलतात कशा?

१९५९मध्ये फर्शपन आणि पॉटर यांनी क्रेफिशच्या एका चेतापेशीतून दुसरीत थेट वीज जाताना दाखवली. १९६७मध्ये रेव्हेल आणि कार्नोव्हस्की यांना उंदराच्या हृदयात नि यकृतात असा जोड दिसला. मध्ये जेमतेम २ नॅनोमीटरची फट, म्हणून नाव 'गॅप जंक्शन'. दोन्हीकडून कनेक्सिन प्रथिनाचे सहा-सहा तुकडे जुळून आरपार नळी बनते.

१९९७मध्ये कळलं, की कनेक्सिन-२६ बिघडलं तर मूल जन्मतःच बहिरं असू शकतं. दोष बहुतेकदा आई-बाबा दोघांकडून यावा लागतो, पण त्यांना स्वतःला नीट ऐकू येतं.

आमच्या विट्याकडं मामाच्या पोरीशी लग्न होतं. आजा-आजी एकच, म्हणून तोच दोष दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. तेव्हा बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करा. मदत लवकर मिळाली, तर पोर बोलायला शिकतं.