चाक नसलेला वर्ग

अमरावतीला संध्याकाळच्या एका वर्गात मातीची भांडी घडवायला मी जाऊ लागलो, तेव्हा घरच्यांना वाटले, आता अंगणात चाक येणार. पण या वर्गात चाक नाहीच. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक बसवायच्या आणि सांधे अंगठ्याने लिंपायचे. वऱ्हाडची काळी माती पाण्याने फुगते नि वाळताना तडकते, म्हणून तीत वाळू, राख मिसळावी लागते. आमच्या आज्या चूल घालताना भुसा घालीत, तो यासाठीच.

ही रीत फार जुनी. पण चाक आले म्हणून ती मोडली नाही. ताम्रपाषाणयुगातली वस्ती आपल्या अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढीला १९८४-८५ साली उजेडात आली. त्या युगाचे घर नीट दिसते ते मात्र पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी तोटीची सुबक भांडी चाकावर करीत; धान्याचे जाड रांजण मात्र हातानेच. आणि तान्हे मूल गेले, की हातानेच घडवलेले दोन करडे घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत त्याला निजवीत नि घरातल्याच जमिनीखाली पुरीत.

असा घट घडवून, वाळवून, भाजून व्हायला दिवस लागतात. त्या घरी तेवढी सवड कुठली? वापरातलेच दोन घट रिकामे केले असावेत, असे मला वाटते.